फुलांच्या खुणा सांगणारा अभियंता : थिओडोर कुक

श्रावण सरून भाद्रपद लागला की आंबोली, चोर्ला, जांबोटी या बाजूंचे सडे रंगून निघतात. गुलाबी तेरडा, पिवळा कवळा, निळसर जांभळी सीतेची आसवे, गेंदाचे पांढरे गोंडे. लांबून पाहणाऱ्याला एकेका रंगाचा एकेक पट्टा पसरल्यासारखा वाटतो. जवळ जाऊन, गुडघे टेकून पाहिले म्हणजे ही समजूत मोडते. एकाच पिवळ्या पट्ट्यात कवळ्याच्या दोन-तीन जाती शेजारी शेजारी उभ्या असतात आणि गुलाबी तेरडाही सगळा एकच नसतो. त्यांचे वेगळेपण रंगात नसून पानांच्या मांडणीत, केसांच्या लवीत, फुलाखालच्या हिरव्या आवरणावरील शिरांत दडलेले असते. हे बारकावे जुन्या मुंबई इलाख्यातील सर्व वनस्पतींपुरते एका ग्रंथात तपशीलवार मांडून ठेवण्याचे काम ज्यांनी केले, ते थिओडोर कुक मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. ते लोखंडी पूल बांधणारे अभियंते होते.

कुक यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉटरफर्ड परगण्यात ट्रॅमोर या गावी झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि १८६० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ या रेल्वे कंपनीच्या नोकरीत ते हिंदुस्थानात आले. मुंबईहून उत्तरेकडे सुरत-बडोद्याला जाणारा लोहमार्ग तेव्हा घातला जात होता. या मार्गातली मोठी अडचण म्हणजे वसईची खाडी. भरती-ओहोटीच्या त्या खाऱ्या पाण्यावर लोखंडी पूल उभारण्याच्या कामात कुक यांनी आपली पहिली उमेदीची वर्षे घालवली. पुढे लक्षावधी प्रवासी त्या खाडीवरून गेले. त्यांतील फारच थोड्यांना कुक हे नाव ठाऊक असेल.

१८६५ साली पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८५४ साली एका लहानशा वर्गाच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून प्रसिद्धीस आली आणि १९११ पासून पुन्हा अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. कुक यांनी तेथील प्राचार्यपद १८९३ पर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षे सांभाळले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली याच महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडले, ते कुक यांच्याच कारकिर्दीत. महाविद्यालयाला शेतकीची शाखा जोडलेली होती आणि वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी जॉर्ज मार्शल वुड्रो हे जाणकार गृहस्थ होते. गणेशखिंडीच्या वनस्पती-उद्यानाची देखरेखही वुड्रो यांच्याकडेच होती. पुणे हे ठिकाणही असे की पूर्वेला कोरडा देश, पश्चिमेला दिवसभराच्या वाटेवर खंडाळ्याचा घाट आणि पलीकडे कोकण. तीन तऱ्हांच्या वनस्पती इतक्या जवळ अन्यत्र क्वचित सापडतील.

मोजमाप आणि नोंद यांची अभियंत्याची सवय कुक यांनी या झाडापाल्याकडे वळवली. १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याची स्थापना झाली, तेव्हा पश्चिम हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाची जबाबदारी पुण्याच्या या प्राचार्यांवरच सोपवण्यात आली. यावरून त्यांचा या विषयातील अधिकार तोवर मान्य झाला होता हे उघड आहे.

त्या काळी या प्रदेशातील एखाद्या रानफुलाचे नाव हुडकायचे तर हाताशी काय होते? मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांची १८३९ सालची यादी होती. निकोल डालझेल आणि वनखात्याचे अलेक्झांडर गिब्सन यांचा १८६१ सालचा ‘बॉम्बे फ्लोरा’ होता. दोन्ही कामे आपापल्या काळी मोलाची. पण पहिले बरेचसे यादीवजा आणि दुसऱ्यातील वर्णने फार त्रोटक. सर जोसेफ हूकर यांचा सबंध हिंदुस्थानावरचा सात खंडांचा महाग्रंथ १८७२ पासून १८९७ पर्यंत निघत राहिला. तो पुरा झाल्यावरही त्यात हिमालयापासून सिंहलद्वीपापर्यंतच्या हजारो वनस्पतींतून आपल्या घाटातली एक निवडून काढणे हे सामान्य अभ्यासकाच्या शक्तीबाहेरचे होते. डोळ्यांपुढे तेरडा आहे, पण कोणता, हे सांगणारे कोणी नव्हते.

१८९३ साली कुक निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. लंडनच्या इंपिरिअल इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ काम केल्यानंतर ते क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पती-उद्यानाच्या संग्रहालयात येऊन बसले आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ त्यांनी हाती घेतला. आयुष्याची तेहेतीस वर्षे ज्या मुलखात काढली, त्याच्या फुलांविषयी लिहिण्यास त्यांनी प्रारंभ केला तो त्या मुलखापासून हजारो मैल दूर जाऊन. त्यांच्यापुढे होते ते टिपकागदात दाबून वाळवलेले, करडे-तपकिरी पडलेले नमुने. त्यांच्या ग्रंथाचे सामर्थ्य याच गोष्टीत आहे आणि त्याची मर्यादाही याच गोष्टीत आहे.

वाळलेल्या फुलाचा रंग उडतो, सुगंध जातो, आकार चेपतो. तेरड्यासारखे नाजूक फूल तर कागदात अक्षरशः विरघळून जाते. पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मागची नळीसारखी शेपटी कोठून निघाली होती तेही नीट कळत नाही. वयाची ऐंशी ओलांडलेले सर जोसेफ हूकर याच सुमारास तेरड्याच्या कुळाशी झगडत होते आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी त्याच कामात घालवली. अशा वाळक्या नमुन्यांवरून दोन सारख्या जाती वेगळ्या ओळखायच्या, तर मरणानंतरही टिकणाऱ्या खुणाच शोधाव्या लागतात. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाला देठ आहे की ते खोडालाच चिकटलेले आहे, बी गुळगुळीत की खरबरीत, फळावर लव आहे की नाही, या त्या खुणा. कुक यांनी त्या एकेक करून तपासल्या आणि मापे इंचाच्या अपूर्णांकापर्यंत नोंदवली.

त्यांच्या ग्रंथाचा खरा उपयोग आहे तो त्यातील किल्ल्यांचा. वनस्पतिशास्त्रात किल्ली म्हणजे प्रश्नांची एक उतरंड. प्रत्येक पायरीवर परस्परविरुद्ध पर्याय असतात. हातातील झाडाला जो लागू पडेल त्या वाटेने पुढे जायचे आणि शेवटी एका नावापाशी पोहोचायचे. वाट चुकली तर पुढील वर्णन हातातल्या झाडाशी जुळत नाही आणि चूक आपोआप उघडी पडते. पुलाच्या कमानी एकीवर एक भार टाकत जातात तशीच ही रचना आहे. कुठल्याही पायरीवर दुबळी खूण वापरली तर पुढचे सारे कोसळते.

तेरड्याचेच पाहावे. परसात लावला जाणारा आणि रानातही उगवणारा नेहमीचा तेरडा याची पाने एकाआड एक निघतात. पावसाळी सड्यांवर त्याच रंगाची फुले घेऊन उभ्या असलेल्या एका दुसऱ्या जातीची पाने मात्र समोरासमोर असतात आणि तिच्या लॅटिन नावातच ही गोष्ट नोंदलेली आहे. ओल्या कातळाला चिकटून वाढणाऱ्या आणखी एका जातीला जमिनीवर उभे राहणारे खोडच नसते. पाने बुंध्यापाशी आणि फुलांचे दांडे तेथूनच वर. आंबोलीकडे सापडणारा मोठ्या फुलाचा देखणा तेरडा डालझेल यांनी प्रथम वर्णिला आणि त्याला त्यांनी दिलेले लॅटिन नावही अतिशय सुंदर अशाच अर्थाचे आहे. पिवळ्या फुलांचा एक तेरडा खुद्द डालझेल यांच्या नावाने ओळखला जातो. पाहणाऱ्याची नजर आधी रंगावर जाते, पण यांपैकी पिवळा सोडला तर रंग फारसा कामाला येत नाही. पानांची मांडणी पाहणारा मात्र सहसा फसत नाही.

कवळ्याचे प्रकरण याहून नाजूक. पावसाळ्याच्या आरंभी ज्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडून आणतात तो कवळा आणि भाद्रपदात सडे पिवळे करणारे त्याचे भाऊबंद यांची पाने जवळपास सारखी, चिंचेच्या पानांसारखी बारीक दले असलेली. फुलेही पिवळी, वाटाण्याच्या फुलाच्या घाटाची. येथे पाहावे लागते ते फुलाखालचे हिरवे आवरण, ज्याला शास्त्रात निदलपुंज म्हणतात. भाजीच्या कवळ्यात ते ताठर असते आणि त्यावरच्या शिरा एकमेकींना समांतर, दाट ओळींनी धावतात. दुसऱ्या गटात ते पातळ, कागदासारखे असते आणि शिरांची त्यावर जाळी विणलेली असते. सूर्याकडे धरून भिंगातून पाहिले की हा फरक क्षणात दिसतो, आणि एकदा दिसला की पुन्हा विसरत नाही. त्यानंतर राठ केस आहेत की नाहीत, ते कोठे आहेत, फूल पिवळे की जांभळे, असे पुढचे प्रश्न येतात. रंगाला किल्लीत जागा नाही असे नाही, पण ती मागची आहे.

रानकंदांच्या बाबतीत हा भेद निव्वळ हौसेचा राहत नाही. कोकणात ज्या शेंडवेलीच्या फुलांच्या तुऱ्यांची भाजी करतात, तिचे पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच दलांचे असते. त्याच कुळात त्रिदली पानांची, काटेरी खोडाची एक वेल आहे. तिचा कंद कच्चा खाल्ला तर विषबाधा होते. शेंडवेलीचीही काही पाने तीन दलांची निघतात आणि येथेच घोटाळा होऊ शकतो. शेंडवेलीच्या पानांच्या बगलेत लहान गाठी येतात. विषारी वेलीला त्या येत नाहीत. रानातल्या जाणत्या बाईला हे कोणा साहेबाने शिकवण्याची गरज नव्हती. पण तिचे ज्ञान तिच्याबरोबर जाते. त्यातले जेवढे नमुन्यांबरोबर आले आणि स्थानिक नावांच्या रूपाने नोंदले गेले, तेवढे कुक यांच्या ग्रंथात राहिले. ही देशी नावे त्यांनी आवर्जून दिली, हे आज मोठे उपकार वाटतात.

ग्रंथाचा पहिला खंड १९०१ ते १९०३ आणि दुसरा १९०४ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्याचे क्षेत्र म्हणजे सिंध, गुजरात, खानदेश, कोकण, देश, कारवारकडचा उत्तर कानडा, आणि बेळगाव-धारवाडचा तो टापू, ज्याला कुक आपल्या ग्रंथात दक्षिण मराठा मुलूख या अर्थाच्या इंग्रजी नावाने संबोधतात. पुढे या टापूच्या नशिबी जे वाद आले, त्यांची या शास्त्रीय पानांना काही दाद नाही. तेथे कॅसलरॉकचे फूल आणि खंडाळ्याचे फूल एकाच ओळीत, स्वल्पविरामाने जोडलेले आढळते. बेळगाव हे नाव येते तेव्हा त्यापुढे बहुतेक वेळा रिची यांचे नाव असते. लष्करी वैद्य असलेल्या या गृहस्थांनी बेळगावच्या आसपास मोठ्या कष्टाने वनस्पती गोळा केल्या होत्या. सिंधमधील नमुने पुष्कळसे स्टॉक्स यांचे, उत्तर कानड्यातील टॅल्बट यांचे.

या नावांपुढे कुक एक उद्गारचिन्ह देतात. ते आश्चर्याचे नव्हे. ज्या नमुन्यापुढे ते चिन्ह आहे तो ग्रंथकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. शास्त्रातील हा संकेत जुना आहे; पण कुक यांनी तो ज्या काटेकोरपणे पाळला, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक विधानाला साक्षीदार मिळाला. ऐकीव माहिती कोणती आणि पाहिलेली कोणती, हे शंभराहून अधिक वर्षांनंतरही वाचकाला वेगळे काढता येते.

या साक्षीदारांत कानिटकर आहेत, भिडे आहेत. घाटमाथ्यावरच्या पावसात ओले टिपकागद दिवसातून दोनदा बदलावे लागतात, न बदलले तर नमुना कुजतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या माणसांच्या श्रमांची कल्पना येईल. परंतु ग्रंथात त्यांचे आडनाव आणि पुढे ते उद्गारचिन्ह, याहून अधिक काही उरत नाही. साहेब संग्राहकांचीही तेथे आडनावेच आहेत, हे खरे. तथापि रिची, स्टॉक्स, लॉ यांची चरित्रे अन्यत्र शोधता येतात, कानिटकरांचे तसे नाही. भिडे यांना थोडा न्याय मिळाला. गवतांच्या एका प्रजातीला पुढे ‘भिडिया’ असे नाव देण्यात आले.

सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा प्रश्नही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. माणसाच्या उंचीहून वर जाणारी घाटउतारावरची कारवी आणि सड्यावर पालथ्या टोपलीसारखी गोल वाढणारी टोपली कारवी या दिसण्यातच वेगळ्या. पण कारवीच्या कुळातील इतर जाती फुलाविना उभ्या असल्या की त्या ओळखणे कठीण जाते, आणि फूल तर वर्षानुवर्षे नसते. दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या संग्राहकाच्या हाती नुसती पाने लागत. पुण्यात अठ्ठावीस वर्षे काढलेल्या माणसाच्या वाट्याला कारवीचा बहर तीन-चार वेळा तरी येतो. क्यूच्या थंड दालनात बसून लिहिलेल्या या ग्रंथाला सह्याद्रीचा जो आधार आहे, तो अशा दीर्घ वास्तव्याचा.

ग्रंथ पुरा झाला तेव्हा कुक बहात्तर वर्षांचे होते. सी. आय. ई. हा किताब त्यांना पूर्वीच मिळाला होता. विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतिग्रंथातील माठ-राजगिऱ्याच्या कुळाचे काम एका सहकाऱ्यासमवेत केले. १९१० साली क्यू येथेच त्यांचे देहावसान झाले.

कोणतीही किल्ली तिच्या कर्त्याला माहीत असलेल्या जातींचीच दारे उघडते. न नोंदलेली जात हाती आली तर तीही कोणत्या तरी दारातून आत शिरते आणि चुकीचे नाव घेऊन बसते. कुक यांच्या ग्रंथाच्या बाबतीत पुढील काळात हे अनेकदा घडले. खरपुडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिचे फूल सुरईच्या आकाराचे. कागदात दाबले की सुरईची चपटी पट्टी होते आणि तळाचा फुगवटा, नळीचे वळण, माथ्यावरच्या पाकळ्यांची जुळणी या निर्णायक गोष्टी पुसल्या जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याचे एम. वाय. अन्सारी आणि इतर अभ्यासक डोंगर चढून जिवंत फुले पाहू लागले, तेव्हा सरळ वाढणाऱ्या खरपुडीच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती एकमेकींपासून निराळ्या असल्याचे सिद्ध झाले.

या फेरतपासणीला वळण लावणाऱ्यांत फादर हर्मेनगिल्ड सांतापाव अग्रणी होते. स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. एकाच टापूत वर्षाच्या सर्व ऋतूंत पुन्हा पुन्हा जायचे आणि कुक यांचे वर्णन हातातल्या ताज्या झाडाशी पडताळायचे, ही त्यांची रीत. त्यांनी कुक यांना अनेक ठिकाणी दुरुस्त केले, पण बाजूला सारले नाही. दुर्मिळ झालेला तो जुना ग्रंथ १९५८ साली सर्वेक्षण खात्यानेच तीन खंडांत पुनर्मुद्रित केला आणि नव्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

सांतापाव आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात वेगळी काढलेली एक जात आज शेतकऱ्यांनाही परिचित आहे. पांढऱ्या फुलांची मुसळी पावसाच्या पहिल्या सरींबरोबर उगवते आणि तिच्या अनेक जाती वरून पाहता एकसारख्या दिसतात. कुक यांच्या किल्लीत त्यांपैकी बऱ्याच आहेत. त्यातील कंदवाल्या जातीच्या मुळ्या आधी दोऱ्यासारख्या बारीक असून त्यांच्या टोकाशी गाठी लोंबतात. मुंबईजवळच्या बोरिवलीच्या रानात सापडलेल्या मुसळीचे कंद मात्र बुंध्यापासूनच जाड होत गेलेले, एका झुपक्यात चिकटलेले असतात. बोरिवलीचे नाव मिळालेली तीच जात पुढे सफेद मुसळी म्हणून औषधासाठी शेतात लावली जाऊ लागली. बियाण्याच्या नावाखाली हाती आलेले रोप तेच आहे का, हे तपासायचे तर आजही माती बाजूला करून मुळीचा आरंभ पाहावा लागतो.